मांदेलीचं नाव

सगळ्याच ऑफिसांत किस्से साठत जातात म्हणे. आमच्याकडे ते साठू नयेत म्हणून पगारी माणसं बसवलीत! ठाण्याच्या कोपरीत, पिठाच्या गिरणीच्या वर, आमचं एका खोलीचं वकिली ऑफिस. नाखवा मॅडम, त्यांची ज्युनियर मी, आणि क्लार्क सावंतकाका. कामं अल्पवयीन मुलांच्या केसेसची, आणि अशा मुलाचं नाव बाहेर फुटता कामा नये असा कायदाच आहे. तेव्हा सांगण्यासारखं तेवढंच सांगते.

*

नाव फुटू नये म्हणून मॅडम प्रत्येक फायलीला माशाचं नाव देतात. त्या कोलशेतच्या कोळी, त्यांना नावांना काय तोटा! सावंतकाका मात्र माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि दिवसभर तोंडात सुरमई, हलवा, बोंबील!

एकदा एक वडील फाइल बघून बिघडले. "माझ्या मुलाला बोंबील? आधीच्या बाईंच्या मुलाला पापलेट दिलंत ना!"

"पापलेट रिकामं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग पुढच्या वेळी तरी..."

"पुढची वेळ?" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "पुढची वेळ म्हणालात?"

वडिलांनी निमूटपणे बोंबील घेतला.

*

केस संपून मुदत सरली की बाल न्याय बोर्डाकडचे कागद नष्ट होतात. आमची फाइलही मग फाडायची. काकांनी आयुष्यात बसचं तिकीट फेकलेलं नाही. पहिली फाइल फाडायला दिली, तर त्यांनी पानांचे सारखे तुकडे केले, तुकड्यांवर नंबर घातले आणि वर दोरा बांधला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, ह्याला फाडणं म्हणत नाहीत. माझं बीपी वाढवू नका!"

*

मॅडमचा आणखी एक नियम. सुटलेलं मूल रस्त्यात भेटलं तरी ओळख दाखवायची नाही.

कोपरीच्या मार्केटात आमच्या जुन्या फायलीतला एक जण नव्या बायकोसोबत समोर आला आणि मॅडमना बघून तोंडभर हसला. मॅडम मेथीची जुडी उलटीसुलटी करत राहिल्या. तो पुढे गेल्यावर भाजीवालीला म्हणाल्या, "जोडा छान आहे गो!"

डोळे पाणावले होते. मला म्हणाल्या, मेथीत माती फार आहे.

*

आता मांदेली. त्या फायलीतली मुलगी दिवा स्टेशनजवळची. सोळाव्या वर्षी गांजाच्या पाकिटासकट पकडली गेली. बोर्डाने दोषी धरली, समुपदेशनाला पाठवली आणि घरी सोडली. दोन वर्षांनी बारावी पास होऊन ती नर्सिंगचा फॉर्म घेऊन आमच्यासमोर उभी. फॉर्मात प्रश्न होता, 'कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?' तिने पेन्सिलने 'हो'वर खूण केलेली.

"मी खोटं नाय लिहिणार मॅडम. पकडले गेलेली ना मी."

"अगो, तो डाग पुढे धरायचा नाही असं कायदाच सांगतो. त्याच्यामुळे ना अॅडमिशन अडवायची, ना नोकरी. मग तू कोण धरून बसणारी?"

मॅडमनी खोडरबर पुढे केला. तिने 'हो' खोडून 'नाही'वर खूण केली.

*

आठवड्यात ती रडत परत आली. चाळीतल्या कुणीतरी कॉलेजला फोन केला होता. कॉलेज म्हणत होतं, वकिलाचं पत्र आणा, नाहीतर सीट विसरा.

मी पेटलेच! डबा बाजूला ठेवून दोन पानी पत्र ठोकलं. तिचं नाव, बोर्डाचा आदेश, कलमं, पाकिटाचं वजनसुद्धा. खाली ठळक अक्षरात, 'सदर प्रकरण पूर्णपणे गोपनीय आहे.'

मॅडमनी दोन्ही पानं वाचली. "सुंदर! आता खाली गिरणीसमोर उभी राहून मोठ्याने वाच!"

मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

मग मॅडमनी स्वतः अर्धं पान लिहिलं. अल्पवयीन मुलांची जुनी प्रकरणं विचारता येत नाहीत, उघड करता येत नाहीत आणि त्यावरून प्रवेश अडवता येत नाही. कुणाचंही नाव नाही. आणि ते पत्र एका कॉलेजला गेलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढी नर्सिंग कॉलेजं सापडली, तेवढ्या सगळ्यांना गेलं! पाकिटं काकांनी भरली. अर्थात, नंबर घालून.

मांदेलीचं नाव पहिल्याच यादीत लागलं. पुढच्या वर्षी त्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता. अशा ऑफिसात मी काम करते, हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

*

परवा दुपारी दारात नर्सिंगच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी उभी राहिली. काकांनी तर टेबलाची कडाच धरली. मी "मां..." म्हणून जीभ चावली.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण आपण?"

मुलगी क्षणभर गोंधळली. मग ताठ उभी राहिली आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट पूर्ण. आमच्या ऑफिसात ते मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. नाव छान आहे. इथे लिहीत नाही.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "काय काम काढलंत?"

"काम काय नाय, मॅडम." तिने पिशवीतून बीपीचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "हात द्या."

मॅडमनी काळ्या कोटाची बाही वर सरकवली.