पाणी सोडायची तारीख

दक्षिण आफ्रिकेत लुबोम्बोच्या डोंगरातून पोंगोला नदी सपाटीवर उतरते, तिथं ती पूर्वी दरवर्षी आपल्या मर्जीनं पसरायची. भोवतालची तळी भरायची, मासे गवतात अंडी घालायचे, आणि पाणी ओसरलं की त्याच गाळात बायका मका टोचायच्या. मग वर धरण आलं आणि नदीची मर्जी साहेबांच्या हातात गेली. मका कधी पिकतो हे साहेबांना कुठून ठाऊक असणार? दोनदा त्यांनी उभ्या पिकात पाणी सोडलं. दोन्ही वेळा मागुमेडेचं शेत बुडालं.

मागुमेडे हे तिच्या माहेरच्या कुळाचं नाव. सासरी सगळे तिला त्यानंच हाक मारत. एरवी गरीब बाई, पण दुसऱ्या खेपेला ती कुजलेली कणसं टोपलीत भरून थेट धरणाच्या कचेरीत गेली आणि साहेबाच्या टेबलावर ओतून आली. पुढची सात वर्षं तिनं एकच धोशा लावला, पाणी सोडण्याआधी बायकांना विचारा. पुरुष हसायचे. बायका स्वतःच्या चुलीपलीकडे बघतील तर ना, म्हणायचे.

अखेर यंदा बैठक ठरली. साहेब वही घेऊन उंबराखाली येऊन बसला.

आणि नेमकं यंदाच तिचं शेत मागं पडलं होतं. नवरा गेला होता. दुखवट्यातल्या विधवेनं शेतात पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिची पेरणी सगळ्यांच्या नंतर झाली. बाकीच्या बायकांचा मका घरात आला होता, तिच्या मक्याला अजून तीन आठवडे हवे होते.

गावचे मुखिया झिखालीबाबा म्हणाले, माशांची पोटं अंड्यांनी भरलीत, सोमवारी पाणी हवंच. उशीर झाला तर तळ्यात मासा वाढायचा नाही. साहेबानं मागुमेडेकडे पाहिलं.

"बायकांची शेतं निघाली का?"

शेजारी बसलेल्या जावेनं, लोमुसानं, तिला कोपरानं ढोसलं. "बोल की गं. तीन आठवडे माग."

मागुमेडेनं पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. दोघंतिघं आधीच गालात हसत होते.

"निघाली," ती म्हणाली. "सोडा सोमवारी."

परतताना लोमुसानं तिला फैलावर घेतलं. "पोरांना काय, तुझा मान शिजवून घालणार आहेस?" मागुमेडे टोपल्या घेऊन शेताकडे वळली. मग दोघींनी मिळून कोवळी, दुधाळ कणसं जमतील तेवढी खुडली. चार टोपल्या झाल्या.

मंगळवारी पाणी शेतात शिरलं. मक्याच्या ताटांमधून मासे सळसळत गेले. गुडघ्याला पाणी लागेपर्यंत ती तिथंच उभी होती. या खेपेला तिला विचारूनच सगळं झालं होतं. तरी रडू पूर्वीइतकंच आलं.