नऊ नंबर

आमच्या आकडेवारीच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर. एकावर एकवीस वर्षं मी, दुसऱ्यावर आठ वर्षं फोनबाई. देशात कुठेही खून झाला की पोलीस ठाण्याचा फॉर्म आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याला नंबर देतो. मारणारा मेलेल्याचा कोण? नवरा किंवा बायको असेल तर एक, इतर नातेवाईक दोन, ओळखीचा तीन, अज्ञात नऊ. खाली सही केली की फॉर्म गठ्ठ्यात.

नऊ माझा लाडका. चौकोन कोरा दिसला की बिनधास्त नऊ टाकायचा आणि पाचच्या ठोक्याला छत्री उचलायची. ही बया मात्र कोऱ्या चौकोनासाठी थेट ठाण्याला फोन लावायची.

"अहो, ती विहिरीजवळची बाई. आरोपी तिचा कोण लागतो? बघा ना जरा. मी थांबते."

आणि खरंच थांबायची. रिसीव्हर खांद्यात धरून डबा खायची.

तिच्या फोनांनी देशाचा तक्ताच फिरवला. शंभरात अडतीस खून अज्ञात होते, ते बारावर आले; आणि नवरा-बायकोचा एक नंबर फुगत गेला. बायकांना रस्त्यापेक्षा घरात जास्त धोका, असं वर्तमानपत्रांनी छापलं. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून चहा पाजला. मला एकवीस वर्षांत पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. त्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. उगाच कशाला लपवू?

त्या दिवशी ती जेवायला गेली असताना टाचण्या शोधायला मी तिचा खण उघडला. आत नऊ वर्षांपूर्वीचा एक फॉर्म! रेकॉर्डमधला कागद काढून लपवला म्हणजे नोकरीवरच गदा. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कागद नीट वाचायचंही भान राहिलं नाही. तडक साहेबांना सांगून आलो, "तीन वाजता एक भानगड घेऊन येतो."

ती परतल्यावर मी फॉर्म तिच्यासमोर आपटला. "हा इथे कसा?"

तिने तो शांतपणे उलटा केला. "मागची बाजू वाचलीत, दादा?"

पुढचा चौकोन लहान, म्हणून ठाण्याने मागे लिहिलं होतं: 'आरोपी मयताचा नवरा, गुन्ह्यानंतर फरार.' मी पुन्हा पुढे पाहिलं. चौकोन कोरा, शेजारी नऊ. आणि सही माझी.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली.

मी विचारलं, "आठ वर्षं बोलला नाहीत?"

"पहिल्या दिवशी हा फॉर्म शोधला आणि तुमच्याशी भांडायलाच आले होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, बसा, नऊ टाकायला शिका, सोपं असतं. मग म्हटलं, निदान बाकीच्यांचं तरी विचारू." एवढं बोलून तिने फोन जवळ ओढला.

तीन वाजले. साहेबांनी विचारलं, "काय हो, कुणाची भानगड?"

मी फॉर्म टेबलावर ठेवला, आधी मागची बाजू दाखवली, मग पुढच्या सहीवर बोट ठेवलं. खुर्ची गेली हे मला कळत होतं. बाहेर फोनबाई कुणाला तरी सांगत होती, "मी थांबते." खरं सांगतो, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.