मार्थाआत्याचा लढाईतला नाताळ

आमच्या घरात भुताखेतांवर कुणाचा विश्वास नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी तसं बजावलेलंच आहे. तरीही नाताळच्या फराळाला बायका परातीभोवती बसल्या, की हे किस्से निघतातच. एकीचा संपला की दुसरी म्हणते, "ह्यॅ, हे काहीच नाही! मार्थाआत्याचं ऐका!" आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच डिसेंबरातले. एकाहत्तरच्या. लढाईच्या.

मार्थाआत्या म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. कळंब्याच्या रस्त्याला आम्ही शेजारी शेजारी राहायचो. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. एकुलता एक मुलगा दानियल, आमचा दान्या, पलटणीबरोबर सरहद्दीवर. लढाई पेटली आणि त्याची खबरबात थांबली. आत्यानं मात्र सगळ्यांना सांगून टाकलं, "नाताळ दरवर्षीसारखाच करायचा. माझा दान्या दारात आला आणि घरात फराळ नसला तर?"

तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती!

* * *

डिसेंबर लागला की आमच्या दारात कागदाची चांदणी लागते. पण त्या वर्षी ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर मिट्ट काळोख. पप्पांनी चांदणी टांगली, पण आत बल्ब लावला नाही. नुसता कागद.

दिवेलागणीला गल्लीतल्या वॉर्डननं शिट्टी मारली. "ओ पावणं! चांदणीतली लाईट घालवा!"

"लाईटच न्हाय त्यात," पप्पा म्हणाले.

"मग मला काय डोळं न्हाईत? पार कोपऱ्यावरनं दिसतीया की!"

पप्पांनी चांदणी उतरवून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटीसुलटी केली, आत हात घातला. वायरसुद्धा नव्हती. बिचारा ओशाळला. पप्पांनी चांदणी घरात आणून कपाटावर ठेवली आणि दार लावलं.

जरा वेळानं पुन्हा शिट्टी! पप्पा बाहेर गेले, तर वॉर्डन फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. रस्त्यावरूनच ओरडला, "परत कशाला लावलासा ती?"

* * *

नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस आमच्याच घरी चालायची. पेटीवर माझा चुलतभाऊ योहान आणि ढोलकीवर शिवाजी पेठेतला बापू. बापू तालमीतला गडी, हिंदू, पण आमची गाणी त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ! "देव कुणाचा का असंना, ठेका माझा हाय की," म्हणायचा.

एका संध्याकाळी गाणं रंगात आलं आणि भोंगा झाला. आईनं मेणबत्ती विझवली. सगळे गप्प. योहाननं पेटीवरचा हात काढला. ढोलकी मात्र चालूच. अगदी हळू, पण एक मात्रा चुकत नव्हती. आख्खं कडवंभर वाजली आणि समेवर थांबली.

मेणबत्ती लागल्यावर योहान तडकला, "बापू, भोंगा झाल्यावर थांबायचं असतं!"

तेवढ्यात दारातून बापू आत आला. हातात सायकलीची किल्ली. "काय झालं? मी भोंगा झाल्याझाल्या सायकल आत घ्यायला भायेर गेलतो की!"

योहाननं विचारलं, "मग ढोलकी?"

"ती मलाबी ऐकू आली," बापू म्हणाला. "म्हटलं, कोण हाय त्यो? माझ्यापरास बरा वाजवतोय!"

* * *

हा पुढचा हसण्यासारखा नाही.

दुपारची वेळ. अंगणात शंकरपाळ्या तळणं चाललेलं. तारवाला सायकलवरून आला आणि आत्याच्या फाटकाशी पाय टेकून थांबला. आईच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या दिवसांत तारवाला दिसला की बाया तोंड फिरवायच्या. जणू आपण बघितलं नाही, तर तो आलाच नाही.

आत्या घरात होती. तिचं दार बंद. दार न उघडताच ती आतून म्हणाली, "फुडं जावा भाऊ. ती माझी न्हाय."

तारवाल्यानं पिशवीतली तार काढून पत्ता वाचला. वाचून मान हलवली आणि सायकल पुढे ढकलत मागच्या गल्लीत वळला. थोड्या वेळानं तिकडून एका बाईचा हंबरडा ऐकू आला.

आईनं नंतर आत्याला विचारलं, "वन्सं, तुम्हाला कसं कळलं?"

"सायकल माझ्या दारात थांबली," आत्या म्हणाली, "पण कडी त्यांच्या दाराची वाजली."

संध्याकाळी तिनं तळलेला सगळा फराळ डब्यात भरला आणि त्या घरी नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून पीठ मळायला बसली.

* * *

नाताळच्या आधी आम्ही आपापल्या माणसांची थडगी धुऊन, फुलं वाहून येतो. त्या वर्षी आत्याबरोबर मी आणि पप्पा गेलो. बघतो तर आतोबांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं थडगं आधीच धुतलेलं! दगड अजून ओला.

राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "सकाळधरनं कोण न्हाय आलेलं. कुलूप तुमच्यासाठीच काढलं की आत्ता."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या थडग्याभोवती एक फेरी मारून आली, वाकून कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली माती आम्हाला दाखवली.

"कोपरे सोडल्यात! म्हणजे ह्यांनीच धुतलंय!"

मग पदर खोचून ती कोपरे घासायला बसली. तोंडानं चालू, "जित्तेपणी शिकला न्हाईसा, आता काय शिकणार!" घासता घासता तिचा हात थांबला. दगडाजवळ तोंड नेऊन तिनं हळूच विचारलं, "आपला दान्या तिकडं आलाय काय?"

आणि कान देऊन बसून राहिली. वारा पडलेला. पानसुद्धा हलत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला," म्हणाली. "न्हाय म्हणतात."

* * *

लढाई संपली. गल्लीत साखर वाटली. दान्याचा पत्ता नव्हताच.

नाताळच्या पहाटे आमची मंडळी घरोघर गात जाते. आत्याच्या घरी त्यात एक खेळ असायचा. दार आतून बंद. आम्ही बाहेर अंधारात गायचं आणि आत्यानं नुसत्या आवाजावरून एकेकाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं, की त्या माणसाची करंजी ताटात. शेवटी दार उघडायचं आणि ज्याची त्याला द्यायची.

त्या वर्षी जावं की नको, असं झालं होतं. पप्पा म्हणाले, "जायचं. ती वाट बघत असेल."

आम्ही गाणं सुरू केलं. आतून आत्याचा आवाज आला, "योहान!" मग, "बापू, जरा हळू बडव!" मग माझं नाव, "लिली!" मग पप्पांचं. सगळे संपले. दुसरं कडवं लागलं. आणि आत्या आतून, अगदी नेहमीच्या सुरात म्हणाली, "दान्या!"

पप्पांनी माझा हात घट्ट धरला. कुणीही गाणं थांबवलं नाही. थांबवायची हिंमतच नव्हती.

दार उघडलं. आत्यानं कंदील वर धरून एकेकाचं तोंड पाहिलं, एकेकाच्या हातावर करंजी ठेवली. ताटात एक उरली. तिनं पायरीवर पाहिलं, अंगणात पाहिलं, फाटकापर्यंत पाहिलं. मग मागे वळली आणि ती करंजी परत डब्यात ठेवली. आम्ही आमच्यातल्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हणून निघालो. त्या पहाटेबद्दल पुढे कित्येक महिने कुणी अवाक्षर काढलं नाही. ना घरात, ना बाहेर.

जानेवारीत कळलं, दान्या जिवंत आहे! लष्कराच्या इस्पितळात होता, नाताळच्या आधीपासून बेशुद्ध. होळीच्या सुमारास तो कुबडी घेऊन घरी आला. आत्या रडली, त्याला दोन धपाटे घातले, पुन्हा रडली. मग सगळे जेवायला बसलो. दान्या निम्मा झाला होता, पण हसणं तेच.

चार घास खाऊन तो म्हणाला, "आई, माझा राग हाय तुझ्यावर."

"का रं बाळा?"

"नाताळला माझं नाव घेतलंस. दार उघडलंस. मी हितं पायरीवर उभा, योहानच्या शेजारी. सगळ्यांच्या हातावर ठेवलीस, आणि माझी करंजी तेवढी परत डब्यात टाकलीस व्हय?"