तीन हात, दोन तोंडं

देशाची प्रगती खरी कळलेला माणूस अख्ख्या अंबरनाथात एकच होता, आणि तो माझा मामा होता. शिक्षण सातवी, मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर. त्याच्या लेखी कमावणारा तो 'हात' आणि बसून खाणारं ते 'तोंड'. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो वाढप्याला थांबवून आधी ओळीतले हात मोजायचा. मामीला त्याने तोंडांत धरलं होतं. तिने एक दिवस चूलच पेटवली नाही, तेव्हा जेवणवेळेच्या आत ती हातांत गेली. एक्याऐंशीच्या जनगणनेला आलेल्या गुरुजींना त्याने सांगितलं, "तीन हात, दोन तोंडं." गुरुजींनी विचारलं, "अहो, माणसं किती?" मामा म्हणाला, "पाच. पण नुसतं पाच लिहून सरकारला काय कळणार?" गुरुजींनी मग प्रत्येकाचं वय विचारलं, तेव्हा कुठे सरकारवर त्याचा विश्वास बसला.

कोकणातून, देशावरून तरणी पोरं इथे आली, म्हातारे गावीच राहिले, म्हणून इथे बरकत आहे, असं तो सांगे. पण ही सगळी पोरं एकदमच म्हातारी होणार. तेव्हा मागे हात थोडे उरतील, आणि थोडे असले तर ते शिकलेले हवेत, ही त्याची काळजी.

मी दहावी पास झाले. मला कॉलेजात जायचं होतं, वडिलांनी मात्र पॅकिंगचं काम ठरवून टाकलेलं. वर मामाला टोमणा मारला, "तुमच्याच हिशेबाने एक हात वाढतोय, मेव्हणे." मामाने बोटांवर पुन्हा हिशेब मांडला. मग म्हणाला, "भावोजी, तिला अजून पाच वर्षं तोंडच राहू द्या. ते तोंड माझ्याकडे धरा."

पाच वर्षं मी त्याच्या घरी जेवले आणि उल्हासनगरच्या कॉलेजात शिकले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. मामा पेढे घेऊन कारखान्याच्या गेटवर गेला आणि म्हणाला, "आमचा हात बी.कॉम. झाला." वॉचमनने 'हात' एवढंच ऐकलं आणि घाबरून विचारलं, "कुठल्या मशीनमध्ये?"

रिटायर झाल्यावर मामा-मामी माझ्याकडे बदलापूरला राहायला आले. आता आपण तोंड झालो, म्हणून मामा दुसरी भाकरी घेईना. मी ती त्याच्या ताटात ठेवली आणि म्हटलं, "मामा, अजून पाच वर्षं तोंडच राहा."

तो हसला. "पाचच?"

पाचही झाली नाहीत.