उभ्या गाडीनं नेलेला माझा भाऊ

माझा भाऊ विलास गाडीपायी गेला असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कुठं झालं, कोणत्या वळणावर, समोरून ट्रक होता का? मी सांगते, घरच्या अंगणात. गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला होता, चाकाखाली वीटसुद्धा लावलेली होती. मग समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की दुःखानं या बाईचं डोकं फिरलं असावं. डोकं फिरलंच आहे माझं. पण दुःखानं कमी आणि संतापानं जास्त.

अकोल्याच्या दवाखान्यातून शोभाचा, म्हणजे विलासच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी कारंज्याला माझ्या पिठाच्या गिरणीवर होते. आदल्या दिवशी कपडे घ्यायला म्हणून घरी आले होते, तासाभरात परत अकोल्याला निघायचं होतं, तेवढ्यात एकीचं ज्वारीचं दळण लावून दिलं. मोटारीच्या आवाजात शोभा काय म्हणते ते कळेना. मी बटण बंद केलं आणि एकदम शांत झालेल्या त्या खोलीत तिचे तेवढेच शब्द आले, "बाई, गेले हो..." दळणवाली डबा तसाच टाकून माझ्याजवळ येऊन बसली. थोड्या वेळानं तिनंही तेच विचारलं, "अपघात झाला का व?" तेव्हापासून मी या प्रश्नाचं उत्तर देते आहे आणि कुणालाही ते पटत नाही. म्हणून आज लिहायला बसले. लोकांनी हळहळावं म्हणून लिहीत नाही. विलासचा जीव ज्या सवयीनं घेतला ती सवय आमच्या भागात शंभर हातांत आहे, आणि त्यातला अजून एक हात जाऊ नये एवढंच मला हवं आहे.

विलास माझ्याहून लहान आणि लहानपणापासून बढाईखोर. बाबांचा जुना ट्रॅक्टर बंद पडला की हा चड्डी सावरत पुढे. पुढं शेलूबाजार ते मंगरूळपीर अशी त्यानं बरीच वर्षं जीप चालवली आणि त्या जीपवरच त्याचं नाव झालं. जीप 'मिसिंग' मारायला लागली, म्हणजे चारातलं एक सिलिंडर कामचुकारपणा करायला लागलं, की हा भर रस्त्यात जीप बाजूला घेणार, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडणार आणि सतरा नंबरच्या पान्यानं इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपाचा एकेक नट जरासा ढिला करत जाणार. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनचा आवाज बदलतो ते सिलिंडर चांगलं, आणि ज्याला काही फरक पडत नाही तो इंजेक्टर चोर. ही रीत सगळ्याच जीपवाल्यांची. पण विलासचं त्यावर आणखी एक होतं. तो ढिल्या नटावर अंगठा ठेवायचा. डिझेल कसं येतंय, धडधडत येतंय की नुसतं पाझरतंय, हे त्याला अंगठ्याला कळायचं म्हणे. मागं बसलेल्या बायका ओरडायच्या, "अ विलासभाऊ, तिकडं लगन लागून जाईन ना!" आणि हा वाकलेल्या अवस्थेतच म्हणायचा, "लागू द्या, जेवन तं सापडते." घरी हात चारदा धुऊन पानावर बसला तरी अंगठ्याला वास असायचाच. आई म्हणायची, याच्या भाकरीले तेल लावायचं कामच नाई. स्टँडवरच्या सगळ्या पोरांनी त्याच्याकडं बघून अंगठा ठेवायला सुरुवात केली, आणि त्याचा याला काय अभिमान!

जीप विकून शेतीत लक्ष घालायचं ठरवलं तेव्हा त्यानं एक जुनी, छोटी डिझेल कार घेतली. आईला दवाखान्यात न्यायला, शोभाला माहेरी न्यायला. वर्षभर बरी चालली आणि मग आजारी पडली. सकाळी चावी फिरवली की कितीतरी वेळ नुसती घरघर, सुरू झालीच तर अंगात हीव भरल्यासारखी थरथर, मागून पांढुरका धूर आणि चढावर दम नाही. अकोल्याच्या एका गॅरेजात त्यांनी कॉम्प्युटर लावून बघितलं आणि सांगितलं की इंजेक्टरचा दोष दिसतोय, गाडी सोडून जा, काढून तपासावे लागतील. झालं! विलासभाऊंचा पारा चढला. मला फोन करून अर्धा तास तेच. "बाई, मले पाहू बी देत नाईत. काचेच्या आड बसवतेत अन् चहा पाजतेत. माही गाडी अन् मीच पाह्यना!" गाडी घेऊन तो तसाच घरी परत आला.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण सगळा राग तिच्यापाशीच येऊन थांबतो. त्यानं घरी जी तपासणी केली ती चांगली केली होती. मोबाइलवर बघून बघून शिकला होता. प्रत्येक इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत टाकीकडं नेणारी एक बारीक नळी असते. त्या चार नळ्या काढून त्यानं त्या जागी सलाइनच्या नळ्या बसवल्या आणि त्यांची टोकं खोकल्याच्या औषधाच्या चार सारख्या बाटल्यांमध्ये सोडली. इंजिन चालू करायचं आणि लांब उभं राहून कोणती बाटली लवकर भरते ते बघायचं. जो इंजेक्टर आतून झिजला असेल तो डिझेल परतच जास्त सोडतो. त्या रविवारी मी तिथंच होते, नवी तूरडाळ न्यायला गेले होते, ओसरीवर बसून मेथी निवडत होते. त्यानं मला हाक मारून अंगणात नेलं. तीन बाटल्यांच्या तळाशी थोडं थोडं डिझेल आणि तिसऱ्या नंबरची निम्म्याच्या वर गेलेली. माझ्यासारख्या गिरणीवालीलाही कळलं. मी म्हटलं, "शाबास रे! सापडला ना चोर? आता तेवढा काढून पाठव तपासायला." प्रश्न तिथं संपला होता. चोर हाती लागला होता, गाडी बंद करून हात धुऊन जेवायला बसायचं होतं.

पण अंगणात गजू होता. गजू म्हणजे विलासचा जीपच्या दिवसांतला जोडीदार, अजूनही स्टँडवर गाडी चालवतो. तो म्हणाला, "बाटलीचं काय घेऊन बसला भाऊ? नट ढिला करून पाह्य ना." आणि आमचे भाऊ लगेच तयार. "बाटली सांगते ते खरंच हाय," तो मला म्हणाला, "पन मले हाताले समजलं पाह्यजे, बाई." हे त्याचं वाक्य आठवलं की आजही मला हातातलं काहीतरी फेकून द्यावंसं वाटतं. कोणाला सिद्ध करून दाखवायचं होतं? काय उरलं होतं समजायचं?

जीपमध्ये डिझेल पंपाच्या ठोक्यागणिक येतं, आणि नट ढिला केला की त्याचा जोर तिथंच मोडतो. तिथंही बोट लावणं शहाणपणाचं नव्हतंच, पण निभावून गेलं. या नव्या गाड्यांत तसं नाही. डिझेल एका जाड नळीत सतत भयंकर दाबानं कोंडून ठेवलेलं असतं आणि फट मिळाली की तिची धार सुईसारखी कातडीतून आत जाते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला धार दिसलीसुद्धा नाही. विलासनं पाना फिरवला, अंगठा नेला आणि "हट् तिच्या" म्हणून हात मागं ओढला. माझ्यासमोर अंगठा धरून हसला, "पाह्य, मुंगी चावल्यावानी." टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. रक्त म्हणावं तर तेही नाही. त्यानं चहा घेतला, गजूनं चहा घेतला. संध्याकाळपर्यंत अंगठा ताठ झाला, पांढरा पडला आणि गार लागायला लागला.

गजू त्याला मोटारसायकलवर जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, काय लागलं? आणि विलास म्हणाला, "पाना लागला." आता यावर मी काय करू, सांगा! सगळ्या स्टँडला इंजिन शिकवणाऱ्या माणसाला इंजिननं डंख मारला हे त्याच्या तोंडून निघेना. गजू बाजूलाच उभा होता, त्यानंही खरं सांगितलं नाही. डॉक्टरनं ठिपका पुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखण्याच्या गोळ्या दिल्या. काळ्या तेलानं माखलेला हात समोर होता, त्या बिचाऱ्या हाताकडं बघून दुसरा एक प्रश्न त्याला सुचू नये? मला त्या डॉक्टरचा राग येतो, गजूचा येतो, आणि सगळ्यात जास्त विलासचा येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. रोज रागावते.

हात फुगत गेला, परत तोच दवाखाना, परत गोळ्या. विलासला साखरेचा त्रास होताच. तळहात काळानिळा पडला तेव्हा कुठं अकोला गाठलं. तिथल्या डॉक्टरीण बाई वयानं लहान होत्या. त्यांनी हात बघितल्याबरोबर विचारलं, हे लागलं तेव्हा तुम्ही काय काम करत होता? शोभानं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाहेरून टाचणीएवढं दिसतं, पण आत सगळीकडे डिझेल पसरतं. असं झालं की त्याच दिवशी हात उघडून धुवावा लागतो. दुखत नसलं तरी." आधी अंगठा गेला, मग मनगटापासून हात, मग विष रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडं थकली. मधे एकदा तो चांगला शुद्धीवर होता. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शोभाचं काही सांगेल, आईचं सांगेल. त्यानं विचारलं, "बाई, तिसराच होता ना?" मी म्हटलं, "तिसराच होता रे बाबा." त्याला समाधान वाटलं. अशा माणसाचं काय करायचं... मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. त्याची वेळ भरली होती, निमित्त झालं, असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि मी चहाचा कप आपटायची. वेळबिळ काही भरली नव्हती. चांगला धडधाकट माणूस होता, आणि पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर बहुतेक वाचला असता. गावच्या फाट्यावर त्याच्या मित्रांनी मोठा फ्लेक्स लावला, हातात पाना घेतलेला फोटो. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू दुसरीच गोष्ट पसरली. गिरणीवर दळण टाकायला येणाऱ्या बायका मलाच सांगायला लागल्या की तुमच्या भावाचा चांगला हात अकोल्यावाल्यांनी कापला, त्यानं गेला. कुणी म्हणे साखरेनं, कुणी म्हणे इंजेक्शन उलटलं. नट आणि अंगठा त्या गोष्टीतून पार गळून गेले. मी मोटार बंद करून करून एकेकीला समजावलं. त्या मान हलवायच्या आणि दळण उचलून निघून जायच्या.

परवा शोभाकडं जायला म्हणून मी फाट्यावर जीपमधून उतरले. फ्लेक्स अजून आहे, एका कोपऱ्यातून सुटलाय. त्याच्याच सावलीत एक पांढरी छोटी कार उभी होती, इंजिन थरथरत होतं, बॉनेट वर होतं आणि आत गजू वाकलेला होता. चारपाच ड्रायव्हर भोवती उभे. मला त्याची पाठ दिसली, पाना धरलेला उजवा हात दिसला. डावा हात आत होता. कसा ठेवलाय ते मला बघायची गरज नव्हती. मी पिशवी रस्त्यावर टाकली, गाडीचं दार उघडलं आणि चावी फिरवून काढून घेतली.

"कोनं बंद केली बे?" म्हणत गजू सरळ झाला आणि मला बघून वरमला. "बाई... तुमी?"

"काय करून राह्यला होता तू?"

"मिसिंग हाय. नट ढिला करून पाहून राह्यलो होतो." मग जरा धीर करून म्हणाला, "विलासभाऊनंच तं शिकवलं सारं. त्याची आठवन ठेवतो आमी, बाई. अन् नटानं काई होत नाई. आमी जिंदगीभर तेच केलं. भाऊले तं त्या अकोल्यावाल्यायनं हात कापून..."

गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला माझा गळा. तो सगळ्या फाट्याला ऐकू गेला. "हात कापला तवा तो हात मेलेला होता, गजू! डिझेल भरलं होतं त्यात! तू होता ना त्या दवाखान्यात? पाना लागला म्हने थो, अन् तू मुका झाला होता काय? आठवन ठेवायची तं त्याच्या गप्पा ठेव, त्याच्या शिव्या ठेव. हे इसर. त्यानं शिकवलं म्हनूनच सांगून राह्यली, हे इसरून जाय!"

मी उरलेल्यांकडे वळून सांगितलं आणि इथंही तेच सांगते. चालू इंजिनच्या त्या पाइपांना हात लावू नका. आणि चुकून टोचलंच तर घरी चहा पीत बसू नका, मोठा दवाखाना गाठा आणि आत शिरताच लाज सोडून सांगा की हातात डिझेल शिरलंय. एक तरुण ड्रायव्हर म्हणाला, "खरं का, गजूभाऊ?" गजूनं खालीच बघत मान हलवली. "मी तिथंच होतो," तो म्हणाला. "भाऊ पाना म्हने, मी बी पाना म्हटलं."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की चावी मी काढली तेव्हा नट ढिला झालेला होता की नव्हता, हे मला माहीत नाही. "तुले लागलं का?" मी विचारलं. "नाई ना, बाई." मी त्याचा डावा हात ओढून घेतला. कोपरापर्यंत काळा. माझ्या पदरानं अंगठा पुसला, उलटा करून उन्हात धरला, मग एकेक बोट पुसून बघत गेले. एवढा मोठा तो माणूस भर फाट्यावर लहान लेकरासारखा हात देऊन उभा होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाई लागलं, बाई... नाई लागलं." कुठंच ठिपका नव्हता. मी परत अंगठ्यापासून बघायला सुरुवात केली.