आरशातली बाई

नात शाळेच्या स्पर्धेत कोळीण होणार, म्हणून आज पेटीतून माझं लग्नाचं लुगडं काढलं. त्याला हात लागताच मुरुडच्या टेकडीवरचा साहेबाचा बंगला आठवला.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बंगल्यावर गोऱ्या लोकांचा सोंगांचा नाच होता आणि माझ्याकडून मासळी घेणाऱ्या मडमेला कोळीण व्हायचं होतं. लुगडं देताना सासूने बजावलं, "डाग पडला तर घरात घेनार न्हाय!"

दिवाणखान्यात कुणी राणी झालेली, कुणी मोर. झुंबराखाली जर, पिसं, मोती नुसते लखलखत होते. लुगड्याची घडी छातीशी धरून मी भिंतीकडेने आत गेले.

आतल्या खोलीत मडमेला लुगडं नेसवलं, पदर खोचला आणि तिला पुरुषभर उंच आरशासमोर उभं केलं. आमच्या घरचा आरसा तळहाताएवढा, कुंकवापुरता.

"बघा मडम, कशा दिसताय!"

ती आरशातून माझ्याकडेच बघत होती. मोडक्या मराठीत म्हणाली, "तुझ्यासारखी नाही."

मी मान वर केली. रोजच्या विटक्या लुगड्यात एक ताठ, देखणी बाई उभी होती. ती मीच, हे कळायला क्षण गेला.

घरी येऊन सासूला राण्या सांगितल्या, मोर सांगितला. सगळ्यांत सुंदर काय पाहिलं, ते सांगायची तेव्हा लाज वाटली.