खाऱ्या मातीचा किल्ला

दिवाळीचा किल्ला डहाणूत फारसा कोणी करत नाही. आमच्या साताऱ्याकडे गल्लीगल्लीत पोरं चिखलात लोळत असतात. इथे रेल्वे क्वार्टर्सच्या आवारात मी एकटाच, चाळिशी उलटलेला माणूस, कोपरापर्यंत हात माखून बसलो होतो. शेजारच्या गुजराती काकी दोरीवर कपडे वाळत घालताना थबकल्या.

"भाई, हे शुं करता? छोकरी तर भाऊबीजेनंतर येणार ना?"

"येईपर्यंत गवत उगवायला हवं, काकी."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं त्या मराठी असत्या तर म्हणाल्या असत्या. त्या नुसत्या हसल्या आणि घरात गेल्या.

उतावळा तर मी होतोच. माझी मुलगी पुण्यात तिच्या आईकडे राहते. आम्ही दोघं वेगळे झालो तेव्हा ठरलं, की दिवाळीच्या सुट्टीतले शेवटचे चार दिवस आणि मे महिन्यातले काही दिवस तिने माझ्याकडे यायचं. मागच्या वर्षी आली, तर मी बाजारातून प्लास्टिकच्या मण्यांचा एक संच आणून ठेवला होता. तो तिने अर्ध्या तासात संपवला आणि उरलेले दिवस माझ्या मोबाइलमध्ये डोकं घालून काढले. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे करायला काही नसतं रे." रागाने नाही, अगदी सहज. ते सहजपणच मला वर्षभर टोचत राहिलं. अजून एक-दोन वर्षांनी तिला कोणी विचारेल, जायचंय का बाबाकडे, तेव्हा ती काय म्हणेल हे मला त्या वाक्यातच ऐकू आलं होतं.

म्हणून यंदा किल्ला. फोनवर सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "हिरवा असेल?" त्यांच्या सोसायटीत किल्ला तयार मिळतो, प्लास्टरचा, आणि त्यावर हिरवा रंगवलेला भुसा टाकतात. मी तोऱ्यात म्हणालो, "आपल्याकडे खरं गवत असेल. तू येशील तेव्हा बोटभर वाढलेलं." ती म्हणाली, "बघू हं."

इथली माती रेताड, बुरूज धरेना. मग धाकटी डहाणूला जाऊन खाडीचा गाळ गोणीत भरून आणला. काय माती होती ती! काळी, लोण्यासारखी, बोटाने ओढाल तशी वळणारी. बुरूज झाले, पायऱ्या झाल्या, बालेकिल्ला झाला. त्यावर मोहरी आणि अळीव पेरले, ओलं गोणपाट टाकलं आणि रोज ड्युटीवर जाण्याआधी पाणी शिंपडत राहिलो. आमच्या गावी एवढ्या दिवसांत कोंब डोकावतात. इथे काहीच नाही. मी आणखी पाणी घातलं. बी जुनं निघालं म्हणून वाण्याला मनातल्या मनात चार शिव्याही दिल्या.

मग एका सकाळी गोणपाट उचललं, तर किल्ला पांढरा. कडांवर, पायऱ्यांवर बारीक पांढरी भुकटी आलेली. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ! डोंगराकडचा माणूस मी, माती म्हणजे माती एवढंच आम्हाला ठाऊक. ती खारट असू शकते हे आयुष्यात कधी डोक्यात आलं नव्हतं. वाण्याची मनातच माफी मागितली. एकटाच मोठ्याने हसलो आणि हसता हसता एकदम रडू येईल असं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी मुलगी यायची होती आणि तिला दाखवायला माझ्याकडे हिरवं पानसुद्धा नव्हतं.

तिला घेऊन आलो. पिशवी खांद्यावरच ठेवून ती किल्ल्याभोवती फिरली.

"बाबा, हिरवं कुठाय?"

"माती खारट निघाली," मी म्हणालो. "काही उगवलंच नाही."

"खारट म्हणजे?" असं म्हणत तिने वाकून बुरुजाला सरळ जीभ लावली. "ई! खरंच की!" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की काकी ओट्यावर आल्या. तिने काकींनाही आग्रह केला, चाटून बघा म्हणून. काकींनी हात जोडले.

मग ते दिवस कसे गेले, कळलं नाही. ओळखीच्या एकाच्या कोसबाडच्या चिकूवाडीतून गोडी माती आणली आणि किल्ल्यावर चांगली चार बोटं जाड थापली. पुन्हा पेरलं. उरलेल्या गाळाचे मावळे केले, हळदीने फेटे रंगवले. महाराजांचं नाक तीनदा पडलं, तिसऱ्यांदा तिने त्यांना दटावलं. चिकूच्या काळ्या बिया झाल्या तोफेचे गोळे. आगरच्या किनाऱ्यावरून शिंपल्या वेचून आणल्या, त्यांची वाट केली. ताडाच्या वाळल्या पातीचं छप्पर तिने विणलं, वाकडं, पण टिकलं. मोबाइल कपाटावर पडून राहिला. रोज सकाळी उठल्या उठल्या ती गोणपाट उचलून बघायची आणि ओरडायची, "अजून नाही!"

निघायच्या सकाळीही नाहीच उगवलं. तिने गोणपाट नीट चारी बाजूंनी दाबलं. "रोज पाणी घाल. आणि मोडू नको. मी मेमध्ये बघेन."

तिला पोचवून परत आलो, दार उघडलं आणि घर नको झालं. सिंकमध्ये तिचा दुधाचा पेला तसाच होता. दुसऱ्या दिवशी गोणपाट उचललं तर कोंब फुटले होते, पिवळट, वाकलेले, सगळ्या किल्ल्यावर. मी तिथेच बसून राहिलो. एका दिवसाने काय बिघडलं असतं, कोणाला विचारू?

फोटो पाठवला. तिचा उलट फोन आला, आनंदाने किंचाळतच. त्यानंतर दर रविवारी फोटो पाठवायचा हे ठरूनच गेलं.

अळिवाचं आयुष्य केवढं! दोन-तीन आठवड्यांत ते लांबतं, आडवं पडतं, पिवळं होतं. तिला सांगितलं नाही. जुनं हळूच उपटलं, नवीन पेरलं. पुन्हा उपटलं, पुन्हा पेरलं. दिवाळीचे कंदील उतरले, संक्रांत झाली, होळी जवळ आली, तरी माझा किल्ला हिरवाच. क्वार्टर्समधले लोक बघून जायचे. काकी अधूनमधून मुठीत मेथ्या आणून द्यायच्या, "आ पण नाखो, भाई," हेही टाका म्हणून.

मागच्या रविवारी फोटो बघून मुलीने फोन केला.

"बाबा, हे तेच गवत नाहीये ना?"

"कशावरून?"

"एवढे दिवस टिकत नाही ते. आईने कुंडीत लावलं होतं, मेलं. तू परत परत पेरतोस."

खोटं बोलायचं सुचलं नाही. "हो," म्हणालो.

"आणि मेपर्यंत पेरत राहणार?"

"राहीन."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे मला यावंच लागणार."

तिच्या आवाजात हसू होतं की वैताग, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही, कारण वैताग निघाला असता तर ते मला झेपलं नसतं. फोन ठेवला, स्वयंपाकघरातून अळिवाची पुडी घेतली आणि बालेकिल्ल्याजवळ पिवळं पडत चाललं होतं, तिथे पेरायला बसलो.